गावाकडे थेट पैसे देऊन खरंच काही बदलतं का?

घाटकोपरचा पाटोदेकर
काल ऑफिसात डबा खाताना परत तोच विषय निघाला, लाडकी बहीण योजनेत बायकांच्या खात्यात महिन्याला येणारे १५०० रुपये म्हणजे फुकटचं वाटप, आपण टॅक्स भरायचा आणि गावाकडच्यांनी बसून खायचं. मी तिथे गप्प राहिलो आणि रात्री झोप लागेना, म्हणून इथे लिहितोय.

माझं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुका. चुलता-चुलती दरवर्षी ऊसतोडीला जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, हंगामाआधी मुकादम त्या कोयत्यावर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि मग दिवाळीपासून पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. उचल पडते चुलत्याच्या हातात. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टर भरायचा, पहाटे उठून भाकरी थापायच्या हे चुलतीकडे, पण पैसा तिच्या हातात कधी आलाच नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जुलै-ऑगस्टचे मिळून ३००० खात्यात आले तेव्हा तिने मला फोन करून विचारलं, हे माझेच ना रे, कुणी परत मागणार नाही ना?

त्यातून तिने आधी किराणा दुकानाची उधारी मिटवली. उधारीवाल्याला तेल-साखर ज्या भावाने देतात आणि रोखीवाल्याला ज्या भावाने, त्यातला फरक गरिबाला वर्षभर खातो. आणि त्या वर्षी दिवाळीनंतर तिने धाकट्या पोरीला उसाच्या फडावर नेलं नाही, आजीकडे ठेवलं, महिन्याला हजार रुपये आजीला किराण्यासाठी. पोरगी सातवीचं वर्ष पूर्ण शाळेत बसली, पहिल्यांदाच. चुलती कोयत्यावर गेलीच, आळशीबिळशी कुणी झालं नाही.

सांगोल्याचा_सध्या दादर
दादा तुमच्या चुलतीबद्दल आदर आहे पण शेतकऱ्याची बाजू पण ऐका. आमची ५ एकर, हे १५०० सुरू झाल्यापासून खुरपणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी वाढवून मागतात, आणि आमच्या मालाचा भाव आहे तिथेच. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, बाजारात तेवढा कुणी देत नव्हतं. एका हाताने मालाचा भाव पाडायचा आणि दुसऱ्या हाताने पीएम किसानचे वर्षाला ६००० खात्यात टाकायचे, हा कुठला न्याय? भाव द्या, कुणाच्या १५०० ची गरज राहणार नाही.

मानखुर्दची ताई
मजुरी वाढवून मागतात हे वाईट कसं झालं दादा? दिवसभर उन्हात वाकून खुरपायचं त्याचे जास्त मागितले तर चुकलं कुठे. मी चार घरची कामं करते, माझी आई परभणीकडे अजून खुरपायला जाते, आधी पडेल त्या मजुरीला जायची कारण घरात पीठ नसायचं. आता तिला १५०० येतात म्हणून दुखणं असलं तर एक दिवस नाही म्हणू शकते, एवढंच झालंय.

सांगोल्याचा_सध्या दादर
ताई ते मान्य, आजारी माणसाने येऊच नये. पण वाढलेली मजुरी मी कुठून देऊ, ते कुणी सांगत नाही.

लालबागचा नाना
ज्यांना टॅक्सचा राग येतो त्यांनी आपली पगाराची स्लिप काढून बघा. प्रोफेशनल टॅक्स दरमहा २००, फेब्रुवारीत ३००. हा कर महाराष्ट्रात १९७५ ला आला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला लाखो माणसं उतरली होती, त्यांना काम द्यायला शहरातल्या नोकरदाराने हातभार लावायचा, ही कल्पना. म्हणजे मुंबईने गावाला पैसे देणं काही नवीन नाही. फक्त तेव्हा त्या पैशातून तलाव राहिला, बांध राहिला. १५०० वाटून मागे काय राहतं? माझा विरोध गरिबाला नाही, नुसत्या वाटपाला आहे. काम मागणाऱ्याला काम द्या.

घाटकोपरचा पाटोदेकर
नाना, पाझर तलावाचं पाणी आमच्या गावाने पण प्यायलंय, ते कोण नाकारेल. पण ६२ वर्षांची विधवा खडी फोडायला कशी जाणार? आणि मागे काही राहत नाही हे मला पटत नाही. मध्य प्रदेशात २०११-१२ ला सेवा या कष्टकरी बायकांच्या संघटनेने ८ गावांत सगळ्यांनाच दरमहा पैसे दिले, मोठ्याला २०० आणि मुलाला १००, नंतर ३०० आणि १५०, कसलीही अट नाही. लोकांनी काम सोडलं नाही, उलट दुसऱ्याच्या रानातली मजुरी कमी करून स्वतःच्या तुकड्यावर जास्त राबले, बी-खत घेतलं, जनावरं घेतली. केनियात गिव्हडायरेक्टली नावाच्या संस्थेने एकेका कुटुंबाला साधारण १००० डॉलर दिले, तिथे गवताची छपरं जाऊन पत्रे आले, आणि ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्या शेजाऱ्यांचीही कमाई वाढली कारण पैसा गावातच फिरला, महागाई मात्र फारशी वाढली नाही. दारूत पैसे उडतात असं सगळे म्हणतात, पण अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. केनियातच अजून एक कळलं, एकरकमी मिळाले तर माणूस पत्रा, जनावर असं टिकाऊ घेतो, दरमहा मिळाले तर घरात पोटभर जेवण होतं.

जव्हारची मुलगी
मी मुंबईत सरकारी वसतिगृहात राहून शिकते. दादा तुमचं सगळं वाचलं, माझ्या आईलाही १५०० येतात आणि ती त्यातून मला पाठवते, त्यामुळे विरोधात लिहिताना जीवावर येतंय. पण २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्याचे पैसे याच योजनेकडे वळवले गेले. आमच्या वसतिगृहात भोजन भत्ता दोन-दोन महिने उशिरा येतो, तेव्हा मेसवाल्याला तोंड दाखवायची लाज वाटते. आईच्या खात्यात टाकायचे आणि मुलीच्या ताटातून काढायचे असं होत असेल तर ती मदत नाही. आणि पाड्यावर गरोदर बाईला डोलीतून न्यावं लागतं, तो रस्ता कुणाच्या १५०० ने होणार नाही.

घाटकोपरचा पाटोदेकर
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुझं बरोबर आहे. वसतिगृहाचा पैसा तोडून दिलेल्या मदतीची बाजू मी घेणार नाही. योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी सांगितले होते, ते कुठून आणायचे हे आधी ठरायला हवं होतं.

मानखुर्दची ताई
एक राहिलंच. २०२५ मध्ये या योजनेच्या केवायसीला नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या आधारवरचा ओटीपी मागायला लागले. आईला नवरा नाही, बाप नाही. दोनदा तालुक्याला जाऊन आली, मजुरी बुडाली, गाडीभाडं गेलं. तिथला पोरगा म्हणाला नंतर या. पैसे चांगले का वाईट ते तुम्ही बोला, तिचा हप्ता थांबला तर ती परत पडेल त्या मजुरीला जाणार.

लालबागचा नाना
ताई, आईंकडे नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आहे का? अंगणवाडी सेविकेला तो दाखवून विचारायला सांगा, पुन्हा तालुक्याला जायच्या आधी. दाखला नसेल तर मला निरोप करा, ग्रामपंचायतीचा अर्ज मी लिहून देतो.