लेकीला टाइप १ डायबेटिस, शाळेत पीटीनंतर शुगर लो होते – मदत हवी आहे

नमस्कार, पोस्ट जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही भांडुपला राहतो, लेक ८ वर्षांची, तिसरीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून सारखी पाणी पाणी करायची, रात्री तीन-तीनदा उठायची आणि मग चक्क अंथरुणात शू व्हायला लागली, जी कधीची बंद झाली होती. जवळच्या डॉक्टरांनी युरिन इन्फेक्शनचं औषध दिलं. स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला तर मी म्हटलं उंची वाढतेय म्हणून बारीक दिसते. मग एका रविवारी उलट्या, पोटदुखी आणि धावून आल्यासारखा खोल खोल श्वास. हॉस्पिटलमध्ये शुगर निघाली ४८०, लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून बनणारं आम्ल). तीन दिवस आयसीयूत होती. तो स्कर्ट अजून डोळ्यासमोरून जात नाही.

घरी येऊन सहा आठवडे झाले. रोज इन्सुलिनची चार इंजेक्शनं, जेवणाआधीची तीन आणि रात्री ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर हळू काम करणारं. कार्ब (खाण्यातली कर्बोदकं) मोजायला शिकतेय, पोळीचं जमतं पण गणपती तोंडावर आलेत आणि उकडीच्या मोदकाचं काही कळत नाही.

खरी अडचण शाळेची. मंगळवारी-शुक्रवारी पीटी झाली की ११ च्या सुमारास शुगर ५८, ६२ अशी येते. बाई म्हणतात वर्गात सुई नको, बाकीची मुलं घाबरतात, म्हणून तिला चेक करायला दोन मजले खाली ऑफिसात पाठवतात, तेही एकटीला! हात थरथरत असताना जिना उतरते हो ती. मी ऑफिसमधून निघाले तरी लोकलने सव्वा तास. तुम्ही शाळेला कसं पटवलंत?

अजून दोन गोष्टी. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) थोडा जास्त आलाय, डॉक्टर म्हणाले थांबून परत करू, असं कोणाच्या मुलांचं झालंय का? आणि सासूबाईंना बरीच वर्षं शुगर आहे, त्या म्हणतात माझ्याकडूनच आलं पोरीला, नीट जेवतसुद्धा नाहीत. काय सांगू त्यांना?

प्रतिसाद:
ताई, माझा मुलगा आता १३ चा आहे, पाचव्या वर्षी झालं.

आधी आजींना सांगा की हे त्यांच्याकडून आलेलं नाही. त्यांचा टाइप २ असणार, हिच्यात शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्यात, आजार वेगळा. आमच्या डॉक्टरांनी आमच्या आईला समोर बसवून सांगितलं तेव्हा तिला पटलं, तुम्हीही आजींना पुढच्या व्हिजिटला न्या.

सुरुवातीच्या महिन्यांत उरलेल्या पेशी थोडं काम करतात, हनिमून फेज म्हणतात, तेव्हा डोस कमी लागतो. त्यात पीटी. मनाने बदलू नका, पण ११ चे आकडे आजच डॉक्टरांना कळवा, पीटीआधी काय खायचं तेही विचारा.

शाळेसाठी डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या: ७० च्या खाली असताना मुलीला जागेवरून हलवायचं नाही, चेक बाकावरच. लगेच ग्लुकोज पावडर पाण्यात (किती चमचे ते तिच्या वजनावर डॉक्टर सांगतील), १५ मिनिटांनी परत चेक. चॉकलेट-क्रीम बिस्किट देऊ नका म्हणावं, फॅटमुळे शुगर हळू चढते. बेशुद्ध पडली तर तोंडात काही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. सीबीएसईने २०१७ पासून या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत शुगरच्या गोळ्या, फळं, पाणी न्यायची परवानगी दिलीय, तुमचं बोर्ड वेगळं असलं तरी मुख्याध्यापकांना सांगा, आमच्याकडे तिथेच सूर बदलला.

टीएसएच एवढ्या मोठ्या आजारपणानंतर तात्पुरता वरखाली होऊ शकतो, आमचा दुसऱ्या वेळी नॉर्मल आला. पण परत करा नक्की, या मुलांना थायरॉईड आणि सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणारा आजार) दोन्ही तपासत राहावं लागतं.

मोदक आधी वजनकाट्यावर ठेवा, सारणातला गूळ वेगळा धरा आणि द्या तिला.

धागाकर्ती:
खूप आभार. डॉक्टरांना फोन केला, सकाळचा डोस कमी केलाय, पत्र उद्या मिळेल. शुक्रवारी पीटी आहे, त्याआधी मी आणि हे दोघं शाळेत जातोय. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, दोनदा वाचायला लावला.