मेक्सिको सिटीत कलाकारांच्या गॅलरीत प्रदर्शन : कार्ने, खोकं, कर

कॅनव्हास_पुणे:
मेक्सिको सिटीत कलाकारांनीच चालवलेल्या एका जागेत गटप्रदर्शन ठरतंय. बाकी सगळे तिथलेच, पुण्याहून आमचे चार कॅनव्हास आणि मोटरवर फिरणारं एक शिल्प. एटीए कार्नेवर, म्हणजे माल शुल्क न भरता तात्पुरता परदेशी नेऊन परत आणायच्या कागदावर, नेता येईल का? तिथले कलाकार म्हणे करही पैशांऐवजी चित्रांत भरतात, ते आपल्याला लागू होतं का?

मालवाहू:
जागा विकणारी की नुसती दाखवणारी, हे आधी विचारा. तिथल्या कोंदेसा वस्तीतल्या जुन्या बेकरीत योशुआ ओकोन आणि मिगेल काल्देरोन या कलाकारांनी १९९४ ते २००२ चालवलेल्या ला पानादेरिया या जागेत विक्री हा मुद्दाच नव्हता. उलट कलाकार गाब्रिएल ओरोस्कोच्या साथीने उभ्या राहिलेल्या कुरिमान्सुतो गॅलरीने १९९९ मध्ये सुरुवातच मेदेयीन मंडईतल्या गाळ्यावर एक दिवस कलाकृती विकून केली.
विकायचं काम कार्नेवर नेऊच नका. कार्ने भारतात फिक्की ही उद्योग-व्यापाराची संघटना देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. यादीत प्रत्येक नगाचं माप, माध्यम, किंमत लिहा. एक नग जरी परत आला नाही, तरी सीमाशुल्काचा दावा कार्नेधारकावर येतो.
भरीव लाकडाचं खोकं असेल तर आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं लाकूड. प्लायवूडला सूट, पण त्याला खालून ठोकलेल्या साध्या लाकडी पट्ट्यांना नाही. माल अडतो तो बहुतेक तिथेच.

मीटर_बघा:
शिल्पाची मोटर कुठली? तिथे १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट वाढवेल, हर्ट्झ नाही. सिंक्रोनस मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो, आपल्याकडच्या ५० ऐवजी ६० वर ती २० टक्के जोरात फिरेल. त्यापेक्षा डीसी मोटर बसवा आणि १००–२४० व्होल्टचा अॅडॉप्टर लावा. पिन दोन चपट्या.

कॅनव्हास_पुणे:
सिंक्रोनसच आहे, बदलतो. आणि कराचं?

हिशेबनीस:
कर कलाकृतींत भरायची ही सोय, 'पागो एन एस्पेसिए', १९५७ पासून आहे, पण तिथे करदाता म्हणून नोंद असलेल्या कलाकारांसाठीच. तुम्हाला नाही. वर्षात ५ पर्यंत कामं विकली तर एक काम सरकारला, ६ ते ८ ला दोन, असं वाढत २१ किंवा जास्त विकली तर सहा. कोपऱ्यात पडलेलं काहीही देऊन भागत नाही, समिती नापसंत करू शकते. तुमच्यासोबतचे मेक्सिकन कलाकार 'हे विकायचं नाही, कराला ठेवलंय' म्हणाले तर ते खरं असू शकतं. किंमतपत्रिका छापण्याआधी विचारून घ्या.