पहिल्या फ्रेटवरचा कणसूर सॅडल हलवून जात नाही, आधी नट बघा

मानेवाडा_रिदम:
मंडळी, मनापासून वाईट वाटलं म्हणून धागा काढतोय. पंधरा दिवसांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून इलेक्ट्रिक गिटारचा सेटअप करून आणला. दुकानदाराने बाराव्या फ्रेटचा (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर, आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर एकसारखा दाखवला आणि पैसे घेतले. घरी येऊन ओपन ई मेजर कॉर्ड वाजवला तर कणसूर. जी तारेचा पहिला फ्रेट ट्यूनरवर ११ सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग)! नटला, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीला, त्यांनी हातच लावला नव्हता.

सेटअप म्हणजे सॅडलचे (दुसऱ्या टोकाला तार जिथे टेकते त्या तुकड्याचे) स्क्रू फिरवणं, एवढंच आपल्याकडे धरून चालतात. हिशेब करून बघा. माझं स्केल (नट ते सॅडल तारेची लांबी) २५.५ इंच, म्हणजे साधारण ६४८ मिमी. सॅडल १ मिमी मागे घेऊन तार पुन्हा सुरात लावली, तर बाराव्या फ्रेटचा स्वर जवळपास २.७ सेंट उतरतो. पहिल्या फ्रेटचा ०.२ सेंटसुद्धा उतरत नाही. मग तिथले ११ सेंट सॅडल कुठून काढणार?

खरं कारण नटच्या खाचेची उंची. नट ते पहिला फ्रेट हे अंतर ३६ मिमीच्या आसपास. एवढ्याशा जागेत उंच बसलेली तार खाली दाबली की ती ताणली जाते आणि स्वर चढतो. हा जादा ताण उंचीच्या वर्गाने वाढतो. उंची निम्मी केली की ताण पावावर येतो. जी तारेवर हे सगळ्यात जास्त कळतं, कारण ती बिनगुंडाळीची आणि जाड पोलादाची.

घरी तपासायचं असेल तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिला फ्रेट आणि तार यांच्यामधली फट बघा. केसाएवढी असायला हवी. माझ्या गिटारमध्ये झेरॉक्सच्या कागदाचे पाच तुकडे आरामात गेले. एक कागद साधारण ०.१ मिमी धरा.

गांधार:
धागा चांगला आहे, पण निष्कर्ष पटला नाही. मी आधी गाणं शिकलो, गिटार नंतर हातात आली. ई मेजरमध्ये जी तारेच्या पहिल्या फ्रेटवर कोणता स्वर येतो? त्या कॉर्डचा गांधार, म्हणजे ई हा सा धरला तर ग. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो षड्जापासून ३८६ सेंटवर. गिटारचा ४००वर. म्हणजे १४ सेंट चढा, आणि तोही फ्रेट अगदी बरोबर जागी असताना. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली ती पुढे १९७१पर्यंत टिकली. त्या वादात पेटीच्या पक्क्या पट्ट्यांचे स्वर हा मोठा आक्षेप होता. गिटारचे फ्रेट त्याच पंक्तीतले. नट घासून हे १४ सेंट जाणार आहेत का? ज्याचा कान तयार आहे त्याला ई मेजर खटकणारच.

मानेवाडा_रिदम:
ते १४ सेंट जाणार नाहीत, मान्य. पण ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करूनच मोजतो. त्याने दाखवलेले ११ सेंट तुमच्या १४च्या वरचे आहेत. १४ आणि ११, एकूण २५. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका. सप्तक तरी दोन्ही पद्धतींत शुद्धच ना? डी तारेचा तिसरा फ्रेट आणि पहिल्या तारेचा पहिला फ्रेट, दोन्ही एफ. एकत्र वाजवा. माझ्याकडे स्वर लाटांसारखा हेलकावे खात होता. त्याचा दोष गांधारावर कसा टाकणार?

कानस_आणि_हाड:
मी स्वतः नट बनवतो, हाडाचे. म्हणून थोडं कडक लिहितोय. हे वाचून दहा पोरं आज रात्री कानस घेऊन बसतील आणि उद्या मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणेल. खाच खोल करायला दोन मिनिटं पुरतात, वर आणायला हाडाची भुकटी आणि सुपरग्लू भरून पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आणि नुसत्या उंचीने भागत नाही, हे धाग्यात आलंच नाही. खाचेला ढाळ हवा, हेडस्टॉकच्या बाजूला उतरता. तार नटच्या अगदी पुढच्या कडेवरून सुटली पाहिजे. खाच सपाट राहिली किंवा उलटा ढाळ झाला, तर तार मागून कुठूनतरी सुटते. वाजणारी लांबी वाढते आणि मोकळ्या तारेला सतारीसारखी जवारी, म्हणजे झणझणाट, येते. मिरजेचे कारागीर घोडीवर जी जवारी मुद्दाम घासून काढतात, ती इथे दोष ठरते. त्यात खाच अरुंद असेल तर तार अडकते. ट्यून करताना ‘टिक’ असा आवाज येतो आणि बेंड केल्यावर (तार बाजूला ओढल्यावर) जी तार जागेवर परत येत नाही. लोक इंटोनेशनच्या (प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर लागण्याच्या) नावाने ओरडतात, दुखणं अडकलेल्या तारेचं असतं. खाचेत शिसपेन्सिलीची पूड घाला, फरक लगेच कळेल.

एक विचारतो, ११ सेंट मोजताना बोट किती जोरात दाबलं होतं? फ्रेटची पट्टी उंच असताना तार लाकडाला टेकेपर्यंत दाबली, तर उत्तम नटसुद्धा स्वर चढाच दाखवेल.

मानेवाडा_रिदम:
प्रश्न रास्त आहे. अगदी हलकं, आवाज स्वच्छ येईल एवढंच दाबून पुन्हा मोजलं. ११ चे ९ झाले. बोटाचा वाटा दोन सेंट, तो माझा.

कूलरसमोर_बास:
भाऊ, माह्यं मत वेगळं आहे. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात नटले दोष देण्याच्या आधी नेक पाहा न. बाहेर ४५ डिग्री, हवा कोरडी ठणठणीत, अन् खोलीत गिटार डेझर्ट कूलरच्या ओल्या हवेसमोर उभी. लाकूड ओलाव्यानं फुगते, कोरडं झालं का आकसते. नेकचा बाक बदलला का सगळंच बदलते. मी मागच्या उन्हाळ्यात नट बदलवून घेतला, अन् पाऊस लागल्यावर पुन्हा तेच. आधी नवीन तारा टाका, ट्रस रॉड (नेकमधली बाक जुळवायची सळई) पाहा, मग नट. गिटार कूलरच्या झोतात ठेवूच नका.

मानेवाडा_रिदम:
क्रम तुमचाच बरोबर, वर लिहायला हवा होता: तारा, बाक, नट, आणि सॅडल शेवटी. पण तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून मोजलं की बाकाचा परिणाम जवळजवळ उरत नाही, म्हणून ती चाचणी नटचीच.

सदर_लीड:
मग कॉम्पेन्सेटेड नटच (चढा स्वर भरून काढायला कड सरकवलेला नट) का बसवत नाही? बझ फायटेनच्या पद्धतीत नट पहिल्या फ्रेटकडे सरकवतात, इअरवाना कंपनीच्या नटमध्ये प्रत्येक तार वेगळ्या जागेवरून सुटते. मी बसवलाय आणि समाधानी आहे.

कानस_आणि_हाड:
ठाम विरोध. तारेचा गेज (जाडी) बदलला की ते माप चुकतं. नऊच्या सेटवर बसवलेला नट अकराच्या सेटला तसाच लागू पडेल का? आणि उंच खाचेवर कॉम्पेन्सेशन म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. त्यापेक्षा शून्य फ्रेट, म्हणजे नटच्या लगेच पुढे बसवलेला जादा फ्रेट, चांगला. मोकळी तारही फ्रेटवरच बसते, नट फक्त तारांमधलं अंतर राखतो.

सदर_लीड:
हिशेब तर तुमच्या विरोधात जातो. नटची कड १ मिमी पुढे आणली आणि तार पुन्हा सुरात लावली, की दाबलेले सगळे स्वर साधारण २.७ सेंट उतरतात, पहिल्या फ्रेटवरचासुद्धा. बारावा मग सॅडल पुढे घेऊन जुळवता येतो. जे सॅडलला जमत नाही ते हा नट करतो. खाच आधी नीट हवी, एवढं मात्र मान्य.

गांधार:
काल माझी गिटार काढून कागद लावून पाहिला. जी तारेखाली चार गेले. खाच कापून घेईन. तरी चुकीचा गांधार अचूक वाजवल्याने शुद्ध होत नाही, हे माझं म्हणणं तसंच ठेवतो.

मानेवाडा_रिदम:
आज जी तारेची खाच कापून घेतली. थोडं घासायचं, तार लावून ट्यून करायची, मोजायचं, पुन्हा घासायचं, असं सहा वेळा. आता फटीत एक कागद जेमतेम जातो आणि पहिला फ्रेट ४ सेंट चढा. बी आणि डी उद्या. कॉम्पेन्सेटेड नटचं पाचही तारा झाल्यावर ठरवेन.

कानस_आणि_हाड:
पाच नाही, सहा. जाड ई तारेची खाचही मोजा, ती लोक हमखास सोडून देतात.