पानेवाडीहून टँकर निघाले का?

मंगळवार, २ जानेवारी २०२४

वहिनी (सी-३०१), संध्या. ५.४०
ट्रक-टँकरचालकांच्या या संपात आपल्याकडे कुठला पंप चालू आहे का? हायवेवरच्या पंपावर आडवा दोर बांधलाय, खुर्चीला ‘पेट्रोल संपले’ असा पुठ्ठा अडकवलाय. स्कूटीचा काटा लालवर आहे. उद्या सकाळी क्लास आहे पोराचा.

मामा (ए-४०४)
आमना अमळनेरले बी तेच शे. पंपवर भलती गर्दी. भाच्याचा फोन होता, दीड तास रांगेत होता.

बी-४०२
फॉरवर्ड आलाय बघा. ‘उद्यापासून दुचाकीला फक्त २०० रुपयांचं पेट्रोल, चारचाकीला ५०० चं. प्रशासनाचा आदेश.’ आजच टाक्या फुल करून घ्या सगळ्यांनी.

नाना (ए-१०२)
भाऊ, तो मेसेज आधी काढा. आदेश खरा आहे, पण चंदीगडचा आहे. तिथल्या प्रशासनाने दुचाकीला २ लिटर, चारचाकीला ५ लिटर अशी मर्यादा घातलीय. कोणीतरी गावाचं नाव गाळून पुढे ढकललाय. आपल्या जिल्ह्यात असा आदेश नाही. आत्ताच पुरवठा शाखेतल्या जुन्या सहकाऱ्याला विचारलं.

बी-४०२
काढला नाना. पण पेट्रोल नाही हे तर खरंय ना?

नाना
पंपावर नाही, हे खरं. पण तेल संपलेलं नाही. जरा लांबलचक लिहितो, वाचा सगळ्यांनी.

आपल्याकडचं बरंचसं पेट्रोल-डिझेल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून येतं. डेपोपर्यंत मुंबईहून पाइपलाइन आहे, ती संपावर गेलेली नाही. टाक्यांमध्ये माल आहे. अडलंय ते डेपो ते पंप एवढंच अंतर, कारण टँकरवर चालक नाही. म्हणून सरकारने काय करायला हवं, तर टँकर हलवायला हवा. राज्याच्या पुरवठा विभागाने पोलिसांना पत्र दिलंय, पेट्रोल, डिझेल, गॅस सिलिंडर यांची वाहतूक थांबू देऊ नका म्हणून. आणि नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पानेवाडीच्या टँकरचालकांशी बैठक केली, त्यांनी तिथला संप मागे घेतलाय. आता एकेक टँकर भरून निघेल. तिथून आपल्यापर्यंत रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास, वर सगळ्या जिल्ह्यांची मागणी एकदम. आज रात्री गर्दी करून काही हाती लागणार नाही.

आता हिशेब बघा. एक छोटा टँकर १२ हजार लिटरचा. प्रत्येक दुचाकीने नेहमीसारखं २ लिटर घेतलं तर ६ हजार गाड्या भागतात. तेच प्रत्येकाने ८ लिटर भरलं तर दीड हजारात टँकर कोरडा. संप एका दिवसाचा असला तरी टंचाई आठवडाभर राहते ती यामुळे.

वहिनी (सी-३०१)
हे कलेक्टर ऑफिसने सांगायला नको का नाना? सकाळपासून नुसतं ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ वाचतोय.

नाना
अगदी बरोबर, आणि माझी तक्रार तीच आहे. मी तहसीलच्या पुरवठा शाखेत ३१ वर्षं काढली. अशा वेळी सकाळी पहिलं काम म्हणजे प्रत्येक पंपाला फोन लावायचा. डिपची पट्टी, म्हणजे टाकीतलं तेल मोजायची पट्टी, टाकून किती साठा निघाला, टँकरची मागणी कधी नोंदवली, गाडी कुठे आहे, सगळं वहीत लिहायचं. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस यांच्यासाठी थोडा साठा बाजूला ठेवायला लावायचा. पेट्रोलियम पदार्थ जीवनावश्यक वस्तू कायद्यात, १९५५ च्या, येतात. म्हणून हे नुसतं विनंतीवर चालत नाही. साठा असताना उगाच ‘नाही’ म्हणणाऱ्या पंपावर कारवाई होते.

म्हणजे आकडे ऑफिसात असतात. अमुक पंपावर एवढे लिटर, टँकर एवढ्या वाजता, असं सकाळ-संध्याकाळ दोनदा लोकांना सांगितलं तर निम्मी रांग घरी बसेल. ‘घाबरू नका’ म्हटल्याने कोणी घाबरायचं थांबत नाही, आकडा दिला की थांबतो. मी नोकरीत असतानाही हे बोलत होतो. साहेब म्हणायचे, आकडा दिला आणि चुकला तर? चुकला तर दुरुस्त करून परत सांगायचा. अजूनही मला हेच वाटतं.

आप्पा (बी-२०१)
नाना, पेट्रोलचं जाऊ द्या. रावेरला माझी केळी कापून बांधावर पडलीय भो. गाडीवाला म्हणतो, रस्त्यात अडवतील, मी नाही निघत. कापलेला घड दोन दिवसांत रंग बदलतो, व्यापारी लगेच भाव पाडतो. माझी बाजू कोण घेणार?

नाना
आप्पा, तुमचं दुखणं मोठं आहे. उद्या सकाळी तहसीलदारांना भेटा, एकटे नको, चार-पाच शेतकरी मिळून जा. नाशवंत माल आहे, बंदोबस्त मागा. लेखी द्या.

पण एक सांगतो, चालकांनाही वाईट म्हणू नका. आपल्यातल्याच कोणाचा तरी भाऊ स्टेअरिंगवर आहे. हा संप ज्यावरून आहे त्या नव्या भारतीय न्याय संहितेत, कलम १०६ (२), अपघात करून पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेलं तर १० वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये २ वर्षांपर्यंत होती. त्यांचं म्हणणं, थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर १० वर्षं. ७ लाख दंडाचं जे फिरतंय, ते मात्र कलमात कुठेही नाही, फक्त ‘दंड’ एवढंच आहे. आणि कायदा अजून लागूही झालेला नाही. हे सगळं त्यांच्याशी आधी बोलून केलं असतं तर आज ही पाळी आली नसती.

सेक्रेटरी भाऊ (ए-३०२)
दोन गोष्टी. पार्किंगमध्ये बी विंगच्या जिन्याखाली पाण्याच्या प्लास्टिक कॅनमध्ये पेट्रोल भरून ठेवलेलं दिसलं. ज्यांचं असेल त्यांनी आत्ता उचला. बाजूलाच मीटरचा बोर्ड आहे. दुसरं, ए-२०३ च्या तात्यांचं उद्या सकाळी ८ ला डायलिसिस आहे, त्यांचा रिक्षावाला पेट्रोल नाही म्हणतोय.

डॉक्टर ताई (सी-१०४)
तात्यांना मी सोडते. माझ्या गाडीत अर्धी टाकी आहे. ७.१५ ला गेटवर.

बी-४०२
कॅन माझा होता. उचलला. परत गाडीतच ओततो. वहिनी, क्लासच्या पोरांना उद्या मी माझ्या गाडीत नेतो, चौघं बसतील.

बुधवार, ३ जानेवारी

नाना, सकाळी ७.०५
रात्री दिल्लीत गृहसचिव अजय भल्ला यांची वाहतूकदारांच्या संघटनेशी बैठक झाली. त्या कलमाची अंमलबजावणी संघटनेशी चर्चा केल्याशिवाय करणार नाही, असं सांगितलंय. चालकांना कामावर परतायला सांगितलंय.

फिरायला गेलो तेव्हा हायवेच्या पंपावर टँकर उभा होता. दोर तसाच बांधलेला. पोऱ्या डिपची पट्टी पुसून टाकीत सोडत होता, मॅनेजर बॅटरीच्या उजेडात आकडा वाचत होता. म्हणाला, ९ वाजता चालू करतो. लागेल तेवढंच भरा. आज आणि उद्या दोन दिवस एवढं सांभाळा.

आप्पा
गाडीवाला निघतो म्हणतोय नाना. पोलीस सोबत मिळाले नाहीत, तरी दोन गाड्या मिळून जाणार आहेत. माल थोडा पिवळा पडलाय.

डॉक्टर ताई, सकाळी ८.१०
तात्या पोहोचले, मशीनवर घेतलंय. दुपारी १२.३० ला आणायला जायचंय, माझी ओपीडी आहे तेव्हा. कोण जाईल?

बी-४०२
मी जातो ताई.