मदत हवी आहे: वाळलेल्या बाभळीसाठी छोटी कुऱ्हाड, धारेचं पाणी आणि चाकूची जोडी

मंडळी, धारेच्या हत्यारांचा नाद असलेल्यांकडून सल्ला हवाय. पोस्ट लांबलीय पण प्लीज पूर्ण वाचा.

आम्ही इंदूरचे, थंडीत पोराटोरांना घेऊन मामेभावाच्या शेतावर मुक्कामाला जातो, सिमरोलच्या पुढे चोरलच्या अंगाला. तिथं चूल असते, शेकोटी असते, पोरांना चमचे नि खुंट्या कोरायला शिकवणं चालतं. लाकूड बांधावरचंच, वाळलेली बाभूळ आणि छाटलेला साग. राखीव जंगलात तोडणं आणि जाळ करणं दोन्ही गुन्हा आहे, तिथल्या काडीलाही आम्ही हात लावत नाही, हे आधीच सांगतो म्हणजे चर्चा तिकडे जायला नको.

तर एक चाकू आणि एक छोटी कुऱ्हाड अशी जोडी कायमची ठरवायचीय. चाकूचं बरंचसं ठरलंय. मोरा कंपनीचा कंपॅनियन चाकू वापरतोय, स्टेनलेसवाला, पातं साधारण १० सेंमी, जाडी २.५ मिमी, स्कँडी ग्राइंड म्हणजे दोन्ही बाजूंनी धारेपर्यंत एकच सपाट उतार. कोरायला याला तोड नाही. धारेचा उतार लाकडावर सपाट टेकवला की कोन आपोआप जमतो, सागाच्या काडीवर फेदर स्टिक (जाळ पेटवायला पातळ छिलके काढलेली काडी) काढताना छिलका कुरळा होत होत काडीलाच चिकटून राहतो, आणि पोरांनाही हे लगेच साधतं. पण याचं पातं मुठीत शेवटपर्यंत जात नाही त्यामुळे ठोकून फाडायच्या कामाला मी तो लावत नाही. त्यासाठी ऑनलाइन एक फुल टँग, म्हणजे पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेला, घेतला, ५ मिमी जाड, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. तो सागाच्या चिपा मस्त फाडतो, पण कोरायला गेलं की लाकडात शिरायच्या ऐवजी वरून घसरतो, आणि बाभळीच्या गाठीत असा रुतून बसला की बाजूने पाचर ठोकून सोडवावा लागला. मला तर वाटायला लागलंय की जवळ कुऱ्हाड असेल तर जाड चाकूची गरजच नाही, फाडायचं काम तिचं आणि कोरायचं पातळ चाकूचं. यावर तुमचं मत सांगाच.

खरी अडचण कुऱ्हाडीची आहे. मित्राकडची फायबरच्या दांड्याची परदेशी बनावटीची वापरून पाहिली, ६४० ग्रॅम. साग लोण्यासारखा फुटतो, पण सुक्या बाभळीवर घाव घातला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. स्वाभाविक आहे म्हणा, या कुऱ्हाडी बनतात पाइन नि बर्चच्या देशात, पाइनचं लाकूड घनमीटरला ५०० किलोच्या आसपास आणि आपली बाभूळ ८०० च्या घरात.

म्हणून मग रस्त्याकडेला गाडोलिया (गावोगाव फिरणाऱ्या) लोहारांचा तळ पडला होता तिथून एक करून घेतली. ट्रकच्या कमानपट्ट्याचं पोलाद, काका चिमट्यात धरून फिरवत होते आणि काकू घण मारत होत्या, एकदाही घाव चुकला नाही, बघत राहावं असं काम. डोकं ७०० ग्रॅमच्या थोडं वर, दांडा १४ इंची बाभळीचाच, डोक्याच्या भोकात वरून घालायचा म्हणजे प्रत्येक फटक्याला आणखी आवळत जातो. वजनाचा तोल इतका छान आहे की डोक्याला लागून धरली तर खुंटीचं टोकही तासता येतं. मला हीच ठेवायचीय.

पण धार टिकत नाहीये. बाभूळ तोडली की मधल्या भागात धार एका बाजूला दुमडते, नखाला चक्क कंगोरा लागतो. कानस फिरवून पाहिली तर मध्यभागी ती आरामात खाते आणि वरच्या टोकाकडे दीड इंचभर नुसती सरकते, काचेवरून गेल्यासारखा आवाज येतो. म्हणजे पाणी (तापवून, विझवून पोलादाला आणलेला कडकपणा) सगळीकडे सारखं बसलेलं नाही असा माझा अंदाज. आता प्रश्न असे.

हिला पुन्हा तापवून पाणी द्यावं का? कमानपट्ट्याच्या पोलादाला तेलात विझवतात, पाण्यात विझवलं तर तडा जाऊ शकतो एवढं माहीत आहे, तेव्हा काकांना तेलाचा आग्रह धरायचा का त्यांच्या हाताला जे सवयीचं आहे तेच करू द्यायचं? आणि नंतर कडकपणा थोडा उतरवायला परत हलकं तापवताना पोलादावर चढणारा रंग कुठवर जाऊ द्यायचा, चाकूला फिकट पिवळा चालतो पण कुऱ्हाडीला जांभळा-निळा हवा असं ऐकत आलोय, इतक्या छोट्या कुऱ्हाडीलाही तोच का?

दुसरं म्हणजे कोन. सध्या दोन्ही बाजू मिळून २५ अंशांच्या आसपास असेल. फक्त कोन वाढवून ३५ केला तर दुमडणं थांबेल का, की मऊ पोलाद ते मऊच, कोनाने काय होणार? कोन वाढवला की कोरायला ती जड जाणार ही भीती आहे, पण बाभळीसाठी तडजोड करायची तयारी आहे.

तिसरं, दांडा. एप्रिल-मेच्या उन्हात लाकूड आखडतं आणि डोकं हलायला लागतं. काहीजण रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा म्हणतात पण वाळलं की पुन्हा ढिलं, मी जवसाचं तेल पाजतोय. इकडच्या उन्हाळ्यात कोणाचा अनुभव आहे का?

आधीच विचारलं जाईल म्हणून, पोरं छोटी कुऱ्हाड गुडघे टेकून, ओंडक्यावर ठेवूनच चालवतात, कारण आखूड दांड्याचा घाव चुकला की थेट नडगीवर येतो. चाकूच्या पाठीवर कुऱ्हाडीचं डोकं कोणी मारत नाही, लाकडाचा सोटाच. शस्त्र नियम २०१६ मधली पात्याच्या ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदीची मर्यादाही माहीत आहे, आमचे चाकू त्याच्या खूप आत आहेत, कुऱ्हाड शेतीच्या कामाची, आणि प्रवासात दोन्ही म्यानात घालून सामानाच्या तळाशी असतात.

लोहारांचा तळ अजून आठवडाभर आहे असं काका म्हणाले, त्यामुळे पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर लवकर मिळालं तर फार बरं होईल. धारेचे जवळून काढलेले फोटो संध्याकाळी टाकतो, आणखी कुठल्या बाजूने हवे असतील तर सांगा.