'सालदार' म्हणजे शेतमजूरच काय?

खडूवाला: एक अडचण मांडतो. यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर शिकवतो. पहिलीचे दाखले भरताना एका पालकाला विचारलं, व्यवसाय काय लिहू? तो चटकन म्हणाला, "सालदार लिवा ना सर." दाखलखारीज रजिस्टरात तसंच लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी लाल पेनानं गोल केला. म्हणे हा बोलीतला शब्द, इथं 'शेतमजूर' करा. माझ्या मते दोन्ही एक नाहीत. रोजानं जातो तो मजूर, साल लागतो, म्हणजे एका मालकाकडे वर्षभराच्या बोलीनं राबतो, तो सालदार. शिवाय पुस्तकात 'सालगडी' वाचतो, तो आमच्या गावात कोणी म्हणत नाही. तिन्हीत नेमका फरक काय, आणि प्रमाण कोणता?

धुरकरी (अकोट): सर, तुमचं बरोबर हाय. मजूर संध्याकाळी पैसे घेतला की मोकळा. सालदाराले कोठा, म्हंजे बैलाचा गोठा, झाडणं, बैलाचं चारापाणी, वखर, डवरा, रात्री लाइन आली की ओलित, म्हंजे पिकाले पानी देणं, हंगामात रातची जागल. पाडव्याले बोली होते, थोडी उचल, बाकी पैसे सालभर, वरतून ज्वारी. 'गडी' आमच्याकडे कबड्डीतला.

निवृत्त मास्तर: पाडव्याला नव्हे, अखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्या वडिलांच्या वह्यांत सगळे करार अखातीचेच आहेत. मूळ प्रश्नाबद्दल: साहेबांचं चुकलं नाही. जनगणनेतसुद्धा दुसऱ्याच्या जमिनीवर पैशावर वा धान्यावर राबणारा तो शेतमजूर, मग रोजानं असो की सालानं. आणि 'सालदार' अख्खा फारसी आहे. साल फारसी, दार फारसी. 'वर्षकरी' असा सुटसुटीत मराठी शब्द करता येईल.

धुरकरी: मास्तर, 'मजूर' कोन्या गंगेत न्हाऊन आला? तोही फारसीच. आमचा 'कास्तकार'बी फारसी. वर्षकरी म्हटलं तर मानूस वर्षश्राद्धाले आला काय असं वाटते.

पुण्यातला वऱ्हाडी: 'दार'ची गंमत बघा. सुभेदाराकडे सुभा, जमीनदाराकडे जमीन, ठाणेदाराकडे ठाणं. सालदाराकडे काय, तर एक साल, आणि तेही पाडव्यालाच विकून मोकळा. आमची आजी मात्र म्हणायची, ज्याची सालं निघतात तो सालदार.

निवृत्त मास्तर: व्युत्पत्ती म्हणून हे चूक आहे.

पुण्यातला वऱ्हाडी: आजी काही व्युत्पत्ती सांगत नव्हती, मास्तर.

अंजनगावची: माझे आबा सालदार होते, म्हणून बोलते. इथं सगळे शब्दाच्या प्रेमात पडलेले दिसतात. उचल घेतली की साल पुरं करावंच लागे. मधात आजारी पडला तर खाडे धरले जात, ते पुढच्या सालात फेडायचे. वेठबिगारीचा कायदा 1976 चा, पण आबाले त्याचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांचा चहाचा कप कोठ्याच्या फळीवर उपडा असायचा. प्यायल्यावर त्यांनीच धुवायचा, घरात न्यायचा नाही. मला 'शेतमजूर'च चालेल. मजुराले निदान किमान वेतन तरी लागू आहे. साहेबांनी कारण फालतू दिलं, पण शब्द बरोबर दिला.

खडूवाला: ताई, पण तो पालक स्वतःच अभिमानानं 'सालदार' म्हणाला. त्याच्या तोंडचा शब्द मी खोडायचा का?

अंजनगावची: अभिमान कशाचा ते विचारलं का? आपण रोजच्या मजुराहून वर आहोत, याचा. आबाही वावरात तण निंदायला जाणाऱ्या बायांना हिशोबात धरत नव्हते.

झाडीपट्टीचा: जय भीम, जय किसान. आमच्याकडे धानाचा मुलुख, जुने लोक सरळ 'नोकर ठेवला' म्हणतात. आता शब्दाचा तमाशा पाहा. पोरीच्या बापाला जावई 'नोकरीवाला'च पाहिजे. त्या जावयाला 'नोकर' म्हणून पाहा, वरात परत जाईल. एकाच शब्दाला शेपूट लागलं की इज्जत, काढलं की शिवी.

पुण्यातला वऱ्हाडी: 'नोकर' फारसीतून आला, फारसीत मंगोल भाषेतून. तिथं 'नोकोर' म्हणजे सोबती, सरदाराचा विश्वासू साथीदार. आपला 'गडी' पण तसाच. सवंगडी, खेळगडी यातला गडी बरोबरीचा, 'घरगडी' झाला की भांडी घासतो.

धुरकरी: म्हंजे सोबत केली की मानूस खाली जाते!

ओलित: सरकारलाही हे कळतं. 2024 मध्ये तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' झाला, ग्रामसेवकाचा 'ग्रामपंचायत अधिकारी'. त्यांना 'सेवक' जड झालं. ते उरलेलं 'सेवक' मग कोतवालाला चिकटवलं, तो आता 'महसूल सेवक'. मास्तरकीतही तेच, पगार कमी तोवर 'शिक्षणसेवक', पगार वाढला की सेवा संपली, शिक्षक झाला.

निवृत्त मास्तर: कोतवाल हा मूळचा किल्ल्याचा अधिकारी, कोट-पाल. संस्कृत.

धुरकरी: आमच्या गावचा कोतवाल डोंडी देते. कोट त्यानं तलाठ्याच्याच अंगावर पाह्यला.

झाडीपट्टीचा: आमच्याकडचे मामा तलाव ऐकले असतील. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी, म्हणजे सारा वसुलीची जमीनदारी, 1951 ला गेली, नाव अजून पाण्यावर तरंगते. तलाव बांधले कोहळी समाजानं, पाळीवर माती टाकली मजुरांनी. त्यांच्या नावाचं डबकं पण नाही.

अंजनगावची: नावावरून आठवलं. शब्दकोशात नसलेली खरी मोजपट्टी सांगू? एकच 'राम'. सालदार असला तर राम्या, म्हातारा सालदार असला तर रामा. चार-पाच एकर वावर असलं की रामभाऊ, ओलिताचं असलं की रामराव. आबा साठीतही अर्ध्या नावाचेच राहिले. मालकाचा पाळण्यातला नातू मात्र 'बाळासाहेब'.

झाडीपट्टीचा: आमच्याकडे 'जी' लागते. रामाजी. पण तेही धान किती पोते होते ते पाहूनच.

निवृत्त मास्तर: अतिशयोक्ती. वऱ्हाडीत बापालाही 'तू' म्हणतात. एकेरी म्हणजे अपमान नव्हे.

अंजनगावची: बापाले 'तू' मायेनं म्हणतो मास्तर. तुमच्या वडिलांच्या त्या वह्यांत सालदारांची नावं कशी आहेत, ते पाहून सांगा ना.

निवृत्त मास्तर: वह्या माळ्यावर आहेत.

ओलित: गाडगेबाबा पहा. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, मामाकडे गुरं राखली, नांगर धरला. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या विद्यापीठाची पदवी घेतलेला पोरगा पाहायला आलेल्या पाहुण्यांना बाप सालदार आहे हे सांगत नाही, 'शेती पाहतात' म्हणतो.

धुरकरी: 'शेती पाहतात' लय मोठा शब्द हाय भाऊ. मालकबी पाह्यतेच, सालदारबी पाह्यतेच. फरक एवढाच की मालक खाटेवरून पाह्यते. अन् आता तर कास्तकाराच्या पोरालेबी पोरगी कोनी देत नाई. पेपरात बळीराजा, बैठकीत 'अजून पाहू' म्हंतेत.

पुण्यातला वऱ्हाडी: आणि तोंडी लावायला अजून "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी". ज्यानं म्हण केली त्याला सोयरीक जुळवायची नसावी.

खडूवाला: चर्चा फार चांगली चालली, पण रजिस्टर उद्या परत पाठवायचं आहे. मी 'शेतमजूर (सालदार)' लिहितो.

अंजनगावची: कंसात म्हणजे पुन्हा कोठ्याच्या फळीवरच ठेवलं सर.

ओलित: मग कंस उलटा करा, 'सालदार (शेतमजूर)'.

निवृत्त मास्तर: सरकारी रकान्यात कंस चालत नाही.

धुरकरी: ते जाऊ द्या. पोळ्याले सालदार बैल घेऊन घरोघरी जाते तेव्हा लोक 'बोजारा' देतेत, तो शब्द कुठून आला? आमचा बुढा म्हंते 'ओझं' वरून.

निवृत्त मास्तर: ओझ्यावरून शक्य नाही. 'भोजन'वरून असेल.

झाडीपट्टीचा: भोजन तर आधी बैलाचं होते, मास्तर.