‘ट्रॉपिझम’ला मराठीत काय म्हणावे?

दांडिया बाजार : वडोदऱ्यातल्या मराठी कुटुंबांसाठी जनुकोपचाराची (जीन थेरपीची) माहितीपत्रिका करतो आहोत. त्यात जनुक पेशींत पोचवायला विषाणू वापरतात. विषाणू कोणत्या पेशींत शिरतो, हा त्याचा ‘ट्रॉपिझम’. पृष्ठभागावरची प्रथिने बदलून तो बदलता येतो. शाळेत प्रकाशानुवर्तन शिकलो, म्हणून ‘पेशी-अनुवर्तन’ लिहिले. चालेल?

रावपुरा : नको. रोप उजेडाकडे खरोखर वाकते. विषाणू कुठेच वळत नाही; रक्तासोबत वाहतो, पेशींवर आदळतो आणि त्यांच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीशी (रिसेप्टरशी) जुळला तर चिकटतो. (टंकताना ‘ग्राही’चा ‘ग्राहक’ होतो, तेवढे तपासा.) ‘ओढ’ही नको, त्यात इच्छा आली.

मांडवी : मग ‘पेशीजुळणी’?

रावपुरा : अवयवरोपणात ऊतिजुळणी आहे, घोटाळा होईल. मी ‘पेशीकल’ म्हणेन. निवडणुकीत कल एका बाजूला दिसला म्हणून सगळी मते तिकडेच गेली असे कुणी समजत नाही, आणि इथे नेमके तेच सांगायचे आहे. झोल्गेन्स्मा या एसएमएवरच्या (स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या) जनुकोपचारात एएव्ही-९ हा विषाणू वापरतात ते मज्जारज्जूतल्या चेतापेशींसाठी. पण शिरेतून दिल्यावर त्याचा मोठा भाग यकृतात जातो. म्हणूनच आदल्या दिवसापासून ३० दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, आणि पुढे यकृताच्या तपासण्या पाहून ते हळूहळू कमी करायचे. ‘फक्त चेतापेशींत जातो’ असे छापलेत, तर बाळाचे यकृत का तपासताहेत हे आईवडिलांना कळणारच नाही.

दांडिया बाजार : अगदी तसेच लिहिले आहे! बदलतो. ‘विषाणूचे आवरण’ ठेवू ना?

मांडवी : ते तर आधी काढा. ‘आवरण’ दोन वेगळ्या गोष्टींना वापरले जाते. ‘कवच’ (कॅप्सिड) आणि ‘वेष्टन’ (एन्व्हलप) वेगळे ठेवा. एएव्हीला वेष्टन नसते. ६० प्रथिन-घटकांचे कवच, तेच पृष्ठभाग. जनुकोपचारातच वापरल्या जाणाऱ्या लेंटिव्हायरसला मेदाचे वेष्टन असते आणि त्यात खोचलेले प्रथिन काढून दुसऱ्या विषाणूचे बसवता येते. एएव्हीत कवचालाच हात लावावा लागतो, आणि बदल चुकीच्या जागी झाला की कवच बांधलेच जात नाही. आणि ‘वेक्टर’ म्हणजे ‘वाहक’ एवढेच. ‘रोगवाहक’ म्हटले की लोकांना डास आठवतो.

दांडिया बाजार : मग वाक्य असे : ‘या वाहकाच्या कवचाचा पेशीकल चेतापेशींकडे आहे, तरी त्याचा मोठा भाग यकृतात जातो, म्हणून यकृताची तपासणी चुकवू नका.’

रावपुरा : हेच छापा. ‘पेशीकल’ पहिल्यांदा येईल तिथे खाली एका ओळीत अर्थ द्या.